‘विटाळ जाणे’ : रजोनिवृत्तीच्या मराठी अनुभवाचा इतिहास

स्त्रीच्या ऋतुकालाच्या दोन टोकांकडे मराठी भाषेने सारख्या दृष्टीने पाहिलेले नाही. प्रारंभाला ‘न्हाण येणे’ असा सोहळ्याचा शब्दप्रयोग आहे. मुलीला मखरात बसवून तिची ओटी भरण्याची चाल होती. समाप्तीला मात्र तसा सोहळा नाही. ‘पाळी जाणे’ किंवा ‘विटाळ जाणे’ एवढेच बोलीत म्हटले जाते. ‘रजोनिवृत्ती’ हा शब्द ग्रांथिक होय. या भेदाचे कारण शरीरात नसून ऋतुकालावर समाजाने घातलेल्या बंधनांत शोधले पाहिजे.

शरीरधर्म सर्वत्र एकच आहे. सुश्रुतसंहितेत ऋतुकालाची मर्यादा १२ ते ५० वर्षे सांगितली आहे. युरोपीय वैद्यकात या निवृत्तीला ‘मेनोपॉज’ हे नाव इ. स. १८२१ मध्ये गार्दान या फ्रेंच वैद्याने दिले. पुढे तिची गणना विकारांत होऊ लागली; १९६६ मध्ये अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट विल्सन यांनी तर तिला संप्रेरकाच्या उणिवेचा रोगच ठरविले. अनुभव मात्र सर्वत्र एक नाही. मार्शा फ्लिंट यांनी राजस्थान व हिमाचल प्रदेशातील ४८३ राजपूत स्त्रियांची पाहणी करून १९७५ मध्ये दाखविले की, त्यांच्यात तक्रारी फारच थोड्या होत्या. निवृत्तीबरोबर त्यांचा पडदा सुटत असे. मार्गारेट लॉक यांच्या १९९३ मधील ग्रंथानुसार जपानी स्त्रिया ‘कोनेन्की’च्या काळात अंगातून उठणाऱ्या उष्ण झळांपेक्षा खांदे आखडल्याची व डोकेदुखीची तक्रार अधिक करीत. तथापि तक्रार न सांगणे म्हणजे त्रास नसणे नव्हे, हेही विसरता कामा नये.

मराठी स्त्रीच्या बाबतीत निवृत्तीचा मुख्य अर्थ सुटका हाच दिसतो. ‘बाहेर बसणे’, ‘कावळा शिवणे’, ‘विटाळशी’ हे सर्व शब्द स्पर्शबंदीचे आहेत. स्वयंपाकघर, देवघर आणि पाण्याची जागा यांपासून दर महिन्याला दूर राहणाऱ्या स्त्रीला ही बंदी संपल्यावर घरात अखंड वावर मिळे. परंतु ही सुटकाही पूर्ण नव्हती. नकळत घडलेल्या स्पर्शदोषाच्या परिहारासाठी सांगितलेले ऋषिपंचमीचे व्रत अनेक वयस्क स्त्रिया पाळी गेल्यावरही करीत राहिल्या. विटाळ गेला, तरी त्याचा हिशेब उरला.

वस्तुतः या कल्पनेला मराठवाड्यातच फार पूर्वी आव्हान मिळाले होते. तेराव्या शतकात पैठण येथे वास्तव्य केलेल्या चक्रधरांनी मासिक स्रावाची गणना शरीराच्या इतर स्रावांबरोबर केली आणि त्याचा विटाळ मानला नाही, असे महानुभाव परंपरा सांगते. चौदाव्या शतकात सोयराबाईंनीही देहाच्या विटाळाचा प्रश्न अभंगातून उभा केला. हा विचार ग्रंथांत राहिला. घराच्या उंबऱ्यावर मात्र विटाळच टिकला.

सांप्रतच्या काळात या इतिहासाला वेगळे वळण लागले आहे. पैठणच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो जोडपी ऊसतोडीस जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मानला जातो. मुकादमाकडून आगाऊ ‘उचल’ घेतलेली असते आणि ‘खाडा’ झाला तर दंड बसतो. फडात आडोसा नाही, पाणी नाही. पाळीचे दिवस म्हणजे खाड्याचे भय. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे शेकडा सुमारे १७. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत हे प्रमाण देशभर शेकडा ३ च्या आसपास होते. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले, तर निवृत्तीचे सर्व परिणाम ऐन तारुण्यात एकदम ओढवतात.

या शस्त्रक्रियेला बोलीत ‘पिशवी काढणे’ म्हणतात. ‘जाणे’ हे क्रियापद अकर्मक आहे. विटाळ वयानुसार आपोआप जातो. ‘काढणे’ सकर्मक आहे. त्याला कर्ता लागतो. पूर्वी आचाराच्या बंधनातून स्त्री वयोमानाने सुटत होती. मजुरीच्या बंधनातून सुटण्यासाठी तिला शरीराचा भाग द्यावा लागला. या क्रियापदाचा कर्ता कोण, याचा शोध केवळ वैद्यकाच्या नोंदींत लागणार नाही. तो उचलीच्या वहीतही घ्यावा लागेल.