मूत्रपिंडाचे शिक्षणपट

मूत्रपिंडाची रचना व कार्य समजावून देणाऱ्या, तसेच मूत्रमार्गावरील शस्त्रक्रिया टप्प्याटप्प्याने दाखवणाऱ्या चित्रफिती. वैद्यकाचे विद्यार्थी व शल्यविशारद हा त्यांचा मुख्य प्रेक्षक. रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक हा दुसरा. बुलढाणा जिल्ह्यात, विशेषतः खारपाणपट्ट्यातील तालुक्यांत, हा दुसरा प्रेक्षक मोठा आहे.

काय दिसते : रचनेवरचा पट बहुधा जागेपासून सुरू होतो. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या आडोशाला, १० ते १२ सेंमी लांबीचे, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचे दोन अवयव. यकृतामुळे उजवा थोडा खाली. आतल्या बाजूच्या खोबणीतून नीला, रोहिणी आणि मूत्रनलिकेचे नसराळे ये-जा करतात. छेद घेतला की बाहेरचा फिकट थर आणि आतले गडद त्रिकोणी भाग दिसतात. डोळ्यांना दिसत नाहीत त्या प्रत्येक मूत्रपिंडातील सुमारे १० लाख गाळण्या. तेथे कॅमेरा थांबतो आणि अ‍ॅनिमेशनला काम मिळते. दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर. बाकीचे पाणी शरीर परत घेते, हे हलत्या चित्रात जितके चटकन कळते तितके आकृतीत कळत नाही.

पूर्वपीठिका : करून दाखवून शिकवणे हे शल्यकर्मात जुनेच. सुश्रुतसंहितेत मुतखडा काढण्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन आहे. शिष्याने छेद घेण्याचा सराव कोहळा, भोपळा, काकडी यांवर, तर भेदनाचा सराव पाण्याने वा चिखलाने भरलेल्या पिशवीवर आणि जनावराच्या मूत्राशयावर करावा, असेही त्यात सांगितले आहे.

कॅमेरा शस्त्रक्रियागृहात आला तो १८९८ मध्ये. पॅरिसचे शल्यविशारद यूजेन दॉयाँ यांनी स्वतःच्या शस्त्रक्रिया चित्रित करून त्याच वर्षी एडिंबरोच्या वैद्यक परिषदेत दाखवल्या. पडद्यावर आपल्याच हातांच्या चुका दिसतात, हा त्यांचा मुद्दा होता. १९०२ मध्ये त्यांनी ओडिशातील जोडजन्मी बहिणी राधिका व दूदिका यांना वेगळे केले आणि तेही चित्रित केले. पुढे त्यांच्या कॅमेरामनने या फितींच्या प्रती परस्पर विकल्या. दॉयाँ न्यायालयात गेले आणि १९०५ मध्ये जिंकले. रुग्णाचे चित्र कोणाचे, हा प्रश्न मात्र त्या खटल्यात नव्हता. आज तो संमतिपत्राने सोडवतात. चेहरा व नाव झाकतात.

महाराष्ट्रात कॅमेऱ्याने ‘न दिसणारे’ दाखवण्याचा प्रयोग दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्या सुमारास केला. कुंडीत रुजणारा वाटाणा त्यांनी एकेक चौकट टिपून पडद्यावर झरझर वाढवला. १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले आणि माहितीपट चित्रपटगृहांत मुख्य खेळाआधी सक्तीने दाखवले जाऊ लागले.

दुर्बीण आणि पडदा : मराठीत ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हणतात ते या विषयाचे मर्म आहे. माक्सिमिलियन निट्झे यांनी १८७९ मध्ये व्हिएन्नात मूत्राशय आतून पाहण्याची नळी दाखवली. पण तीतून एका वेळी एकच डोळा पाहू शके. नळीला कॅमेरा जोडल्यावर शल्यविशारद, परिचारिका व विद्यार्थी एकाच पडद्याकडे पाहू लागले. त्यामुळे येथला शिक्षणपट बाजूला उभे राहून काढलेला नसतो. शस्त्रक्रिया करणाऱ्याने जे पाहिले, तेच तो असतो.

उदाहरणार्थ, पाठीतून छिद्र पाडून मुतखडा काढण्याची शस्त्रक्रिया. तिची पहिली नोंद १९७६ मध्ये स्वीडनमधून आली. सुई मूत्रपिंडाच्या पोकळीत पोचते, तार सरकते, तिच्यावरून वाट रुंद होते. पडद्यावर गुलाबी भिंत, वाहते पाणी, मग पिवळसर खडबडीत खडा. तो फुटतो, धुरळा उठतो, चिमटा एकेक तुकडा ओढून नेतो. प्रशिक्षणार्थ्याला मात्र रक्तस्राव झाल्यावर काय केले, तेही पाहायला हवे; संकलनात नेमका तोच भाग गेला तर पट देखणा होतो, शिकवणीचा राहत नाही.

बुलढाणा संदर्भ : पूर्णा नदीच्या गाळाच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे. बुलढाण्यातील जळगाव जामोद, संग्रामपूर व शेगाव तालुक्यांत विहिरीचे व बोअरचे पाणी खारट लागते आणि मूत्रपिंडाच्या आजाराची चर्चा घरोघर असते. क्षारांचा वाटा किती आणि उष्णता, मधुमेह, रक्तदाब, वेदनाशामक गोळ्या यांचा किती, याचा निवाडा एका कारणावर होत नाही. जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांसाठी वान धरणातून १४० गावांची पाणीपुरवठा योजना आखली गेली. बुलढाण्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४-२५ मध्ये सुरू झाले.

येथे शिक्षणपटाची अडचण उघडी पडते. मुतखडा चित्रित होतो, कारण तो दिसतो, फुटतो, बाहेर येतो. गाळण्या वर्षानुवर्षे एकेक करून निकामी होतात तेव्हा कॅमेऱ्यापुढे काहीच घडत नाही. पुष्कळदा दुखतही नाही. अशा आजाराच्या पटात दाखवायचे ते रक्तदाबाचे यंत्र, लघवीची तपासणी आणि क्रिएटिनिनचा आकडा छापलेला प्रयोगशाळेचा कागद.