पाठ्यपुस्तक आणि पडद्यावरील खेळ

बसवनगुडी ही बंगळूरची वसाहत १८९८ मध्ये, प्लेगच्या साथीच्या काळात आखली गेली. मराठी भाषा मात्र त्या नगरात १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीबरोबरच पोहोचली होती. आज तेथील मराठी मुलाला कन्नड व इंग्रजी शाळेत मिळते. मराठी बहुधा घरात आणि पुस्तकात. पडद्यावरील खेळाचा अनुभव सांगावयास हे पुस्तक त्याला कोणता शब्द देते? बहुधा एकच : ‘व्यसन’.

हा शब्द जितका सोपा तितकाच अपुरा आहे. खेळाच्या मोहाविषयी आपल्या परंपरेने अधिक सूक्ष्म विचार केलेला आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगारी स्वतःच बोलतो. फाशांची ओढ आणि संसाराची धूळधाण तो एकाच मुखाने सांगतो. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू आणि चेंडूफळी ही परमार्थाची रूपके होतात. तेथे खेळाची ओळख आधी, बोध मागाहून.

एकोणिसाव्या शतकात सरकारी शाळांकरिता क्रमिक पुस्तके सिद्ध झाली, तेव्हा नीतिबोध हे वाचनपाठाचे एक प्रधान प्रयोजन ठरले. १९६७ मध्ये बालभारतीची स्थापना झाली, पुस्तकांचे रूप पालटत गेले. निबंधलेखनाने मात्र जुने वळण सोडले नाही. ‘विज्ञान : शाप की वरदान’ या साच्यातच पुढे ‘मोबाइल : शाप की वरदान’ हा विषय बसविण्यात आला. ‘मैदानी खेळांचे महत्त्व’ सांगताना पडद्यावरील खेळ केवळ प्रतिपक्ष म्हणून येतो. त्याचे नियम, त्यातील साहस वा सख्य यांचे वर्णन कोणी मागत नाही. उत्तर आधीच ठरलेले असते.

वैद्यकाने या बाबतीत अधिक विवेक दाखविला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून अंमलात आलेल्या रोगवर्गीकरणात या विकाराची लक्षणे नमूद आहेत : खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर व्यवहारांहून खेळास अग्रक्रम मिळणे, अपाय दिसूनही तो चालू राहणे, आणि हे सामान्यतः निदान वर्षभर टिकणे. बंगळूरच्याच निम्हान्स संस्थेने २०१४ मध्ये तंत्रसाधनांच्या अतिरेकी वापराकरिता स्वतंत्र चिकित्सालय उघडले. खेळणारा आणि ग्रस्त यांत वैद्य भेद करतो. भाषेचे पुस्तक तो करीत नाही. वस्तुतः भेद करणे हे भाषेचेच कार्य होय.

प्रश्न केवळ शैलीचा नाही. प्रत्येक खेळणाऱ्यास व्यसनी म्हटले, तर खरोखर ग्रस्त झालेल्या मुलाला साहाय्य मागण्याकरिता शब्दच उरत नाही.