अतिथी लेखन (विपणन)

अतिथी लेखन ही डिजिटल विपणनातील एक पद्धत आहे. तीत एखादा व्यावसायिक, तज्ज्ञ किंवा लेखक स्वतःच्या संकेतस्थळाऐवजी दुसऱ्याच्या संकेतस्थळासाठी, ब्लॉगसाठी वा ई-पत्रिकेसाठी लेख लिहितो. यजमानाला बहुधा विनामूल्य मजकूर मिळतो. त्याच्या बदल्यात लेखकाला लेखाच्या शेवटी दोन-तीन ओळींचा परिचय आणि आपल्या संकेतस्थळाचा दुवा देण्याची मुभा असते. ‘अतिथी’ म्हणजे आगाऊ तिथी न कळवता येणारा असा अर्थ रूढ असला, तरी येथे लेखाचा विषय, लांबी आणि प्रकाशनाचा दिवस ही तिन्ही यजमान संपादकच ठरवतो.

या पद्धतीचा वापर प्रामुख्याने दोन हेतूंनी झाला आहे. शोधयंत्रांच्या निकालांत वरचे स्थान मिळवणे हा एक, आणि ई-मेल विपणनासाठी इच्छुक वाचकांची यादी तयार करणे हा दुसरा. काळाच्या दृष्टीने दुसरा हेतू जुना आहे. मधल्या काही वर्षांत पहिल्याने त्याला जवळजवळ झाकून टाकले होते.

== संकल्पना ==

ई-मेल विपणनात व्यवसाय आपल्या यादीतील वाचकांना ठरावीक काळाने पत्रे पाठवतो. समाजमाध्यमांवरील अनुयायांना काय दिसावे हे त्या माध्यमाचा अल्गोरिदम ठरवतो. ई-मेल पत्त्यांची यादी मात्र व्यवसायाच्या ताब्यात राहते आणि एका सेवेतून उचलून दुसऱ्या सेवेत नेता येते. त्यामुळे लहान व्यवसायाच्या दृष्टीने ही यादी भांडवलासारखी असते. परंतु नव्या व्यवसायापुढे पेच असा, की यादी नसताना ती सुरू करायची कोठून? पत्त्यांच्या तयार याद्या विकत घेण्याचा मार्ग अनेक देशांत कायद्याने अडवला आहे आणि जेथे कायदा सैल आहे तेथे ई-मेल सेवा अशी पत्रे स्पॅममध्ये टाकतात.

अतिथी लेखन हा या पेचावरचा एक मार्ग आहे. यजमानाकडे वाचक आधीच जमलेला असतो आणि त्याचा यजमानावर काही एक विश्वास असतो. लेख वाचून ज्यांना त्या विषयावर आणखी काही हवेसे वाटते तेवढेच दुव्यावरून लेखकाच्या पानावर येतात, आणि त्यांतील काही जण आपला पत्ता देतात. यजमानाने स्वतःची यादी लेखकाच्या हाती सोपवणे यात अभिप्रेत नाही; तसे करणे हा वाचकाचा विश्वासघात ठरेल. वाचक स्वतः पाऊल उचलून नव्या यादीत येतो, यातच या पद्धतीचे मर्म आहे.

== पूर्वपीठिका ==

व्यापारी ई-मेलचा इतिहास अनाहूत पत्राने सुरू होतो. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी संगणक कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी अर्पानेटच्या सुमारे ४०० वापरकर्त्यांना कंपनीच्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण पाठवले. हे पहिले स्पॅम मानले जाते. १९९० च्या दशकात ई-मेल सार्वत्रिक होऊ लागल्यावर अशा पत्रांचा उपद्रव वाढला. १९९९ मध्ये सेथ गोडिन यांनी ‘परमिशन मार्केटिंग’ या पुस्तकात परवानगीवर आधारलेल्या विपणनाची बाजू मांडली. ग्राहकाच्या कामात व्यत्यय आणण्याऐवजी, ज्याने ऐकण्याची तयारी दाखवली आहे त्याच्याशीच बोलावे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

त्याच सुमारास ई-मेलने वितरित होणाऱ्या छोट्या नियतकालिकांना इंग्रजीत ‘ईझाइन’ म्हणत. त्यांचे प्रकाशक परस्परांचे लेख छापत आणि लेखाखालील चौकटीत लेखकाच्या ईझाइनची नोंदणी कशी करावी हे सांगत. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘ईझाइन आर्टिकल्स’ या लेखसंग्रहाच्या नावातच ही व्यवस्था दिसते. म्हणजे अतिथी लेख हा आरंभी ई-मेलच्या यादीसाठीच लिहिला जात होता. शोधयंत्राचा विचार नंतर आला.

== दुव्यांची शर्यत आणि तिचा शेवट ==

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पेजरँक पद्धतीत एखाद्या पानाकडे इतर पानांवरून येणारे दुवे हे त्या पानाच्या महत्त्वाचे गमक मानले गेले. गूगलचा वापर वाढत गेला तसा दुवा ही किंमत असलेली वस्तू बनली, आणि अतिथी लेख हा तो मिळवण्याचा सोपा मार्ग ठरला. थोडे शब्द बदलून एकच लेख अनेक संकेतस्थळांना देणे, विषयाशी संबंध नसलेल्या ठिकाणी लिहिणे, दुव्यासाठी पैसे मोजणे असे प्रकार वाढले. वाचकाला त्या लेखातून काय मिळते हा प्रश्न या व्यवहारात उरलाच नव्हता.

गूगलने हे टप्प्याटप्प्याने आवरले. जानेवारी २००५ मध्ये दुव्याला ‘नोफॉलो’ ही खूण जोडण्याची सोय झाली. अशी खूण असलेल्या दुव्याचे वजन शोधयंत्र मोजत नसे. फेब्रुवारी २०११ मधील ‘पांडा’ या बदलामुळे लेखसंग्रहांना मोठा फटका बसला. एप्रिल २०१२ मध्ये आलेला ‘पेंग्विन’ हा बदल थेट कृत्रिम दुव्यांविरुद्ध होता. २० जानेवारी २०१४ रोजी गूगलच्या स्पॅमविरोधी पथकाचे प्रमुख मॅट कट्स यांनी दुवे मिळवण्याचे साधन म्हणून अतिथी लेखन थांबवावे, असे जाहीरपणे लिहिले. यावर बराच गदारोळ झाल्यानंतर त्यांनी खुलासा केला की नवे वाचक मिळवणे, ओळख निर्माण करणे यांसाठी दुसऱ्याकडे लिहिण्यास त्यांचा आक्षेप नाही. हा खुलासा मूळ इशाऱ्याइतका उद्धृत केला जात नाही, पण पुढील काळाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा ठरला.

== कार्यपद्धती ==

पद्धतीचा क्रम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. रत्नागिरी जिल्ह्यातील एक बागायतदार हापूसच्या पेट्या थेट ग्राहकांना विकू इच्छितो. त्याचा हंगाम मार्च ते मे असा मोजक्या आठवड्यांचा. पाककृतींच्या एखाद्या लोकप्रिय संकेतस्थळावर तो फेब्रुवारीत लेख देतो : पेंढ्यात आढी कशी लावावी, फळ पिकल्याचे वासावरून कसे ओळखावे, इतर राज्यांतून येणारा आंबा हापूस म्हणून विकला जातो तेव्हा कोणत्या खुणा पाहाव्यात. लेखात त्याच्या बागेची जाहिरात नसते. शेवटच्या परिचयात एवढेच असते, की यंदाचा पहिला तोडा केव्हा निघेल हे ज्यांना ई-मेलने कळवून हवे असेल त्यांनी अमुक पानावर पत्ता नोंदवावा.

येथे सर्वात जास्त चूक होते ती दुवा कोठे न्यावा या बाबतीत. बहुतेक नवखे लेखक संकेतस्थळाच्या मुख्य पानाचा दुवा देतात. तेथे आलेल्या वाचकाला पुन्हा सर्व शोधावे लागते व तो निघून जातो. त्याऐवजी त्या लेखाच्या वाचकांसाठी वेगळे पान केले, त्यावर लेखातील विषयाचाच धागा पुढे नेला आणि फक्त पत्त्याची एक चौकट ठेवली, तर नोंदणीची शक्यता वाढते. पत्त्याच्या मोबदल्यात काही उपयुक्त वस्तू देण्याचीही प्रथा आहे; वरील उदाहरणात ती आढीचे दिवसवार वेळापत्रक असू शकेल. प्रत्येक यजमानासाठी दुव्याला निराळी खूण जोडल्यास कोणत्या लेखातून किती वाचक आले हे मोजता येते.

नोंदणीनंतर वाचकाला पुष्टीचे पत्र जाते आणि त्यातील दुवा दाबल्यावरच पत्ता यादीत येतो. याला दुहेरी संमती म्हणतात. तिच्यामुळे यादी लहान राहते, पण चुकीचे व दुसऱ्याच कोणी नोंदवलेले पत्ते गळतात. त्यानंतरची पहिली दोन-तीन पत्रे निर्णायक असतात. लेखात आढीबद्दल समजुतीने सांगणारा माणूस पहिल्याच पत्रात केवळ दरपत्रक पाठवू लागला, तर वाचकाला फसवल्यासारखे वाटते.

यजमानाची निवड करताना त्याच्या वाचकसंख्येपेक्षा वाचक कोण आहे हे पाहणे आवश्यक असते. लेखाचा प्रस्ताव पाठवण्यापूर्वी त्या ठिकाणचे जुने लेख वाचलेले असावेत ही अपेक्षा रास्त असूनही क्वचितच पाळली जाते.

== बफरचे उदाहरण ==

या पद्धतीच्या संदर्भात सर्वाधिक सांगितले जाणारे उदाहरण बफर या कंपनीचे आहे. समाजमाध्यमांवरील संदेश आगाऊ वेळ ठरवून प्रसिद्ध करण्याची ही सेवा जोएल गॅसकॉइन यांनी २०१० च्या अखेरीस इंग्लंडमधून सुरू केली. सेवा तयार होण्याआधी त्यांनी केवळ दोन पाने बनवली होती. पहिल्यावर कल्पनेचे वर्णन होते. पुढे जाऊ पाहणाऱ्याला दुसऱ्या पानावर सेवा अद्याप तयार नसल्याचे सांगून ई-मेल पत्ता मागितला जाई. ज्यांनी पत्ते दिले त्यांच्याशी गॅसकॉइन यांनी ई-मेलवर संवाद साधला आणि मगच प्रत्यक्ष बांधणीला हात घातला. कल्पनेपासून पहिल्या पैसे देणाऱ्या ग्राहकापर्यंत सात आठवडे लागले.

सहसंस्थापक लिओ विडरिच यांनी पुढे विपणनाची जबाबदारी घेतली. सुमारे नऊ महिन्यांत त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी जवळपास १५० अतिथी लेख लिहिले आणि त्या अवधीत वापरकर्त्यांची संख्या सुमारे एक लाखावर गेली. सुरुवातीच्या लेखांमधून फारसे कोणी आले नाही, सुधारणा हळूहळू होत गेली, असे त्यांनीच सांगितले आहे. हा भाग उदाहरण देताना बहुधा गाळला जातो. शिवाय १५० लेख म्हणजे दोन दिवसांआड एकाहून अधिक लेख होतात; विपणनाला पूर्ण वेळ देणारा भागीदार असल्याशिवाय ते शक्य नव्हते. लेखांखेरीज सेवेचे स्वरूप आणि ट्विटरच्या वाढीचा तो काळ यांचाही वाटा या यशात धरला पाहिजे.

== संमती आणि कायदा ==

अमेरिकेचा २००३ चा कॅन-स्पॅम कायदा पूर्वसंमतीची अट घालत नाही. पत्रात प्रेषकाचा टपालाचा पत्ता असावा आणि नाव वगळण्याची विनंती दहा कामकाजी दिवसांत पाळावी, अशा अटी त्यात आहेत. कॅनडाचा १ जुलै २०१४ पासून लागू झालेला कायदा आणि युरोपीय संघाचे नियम याहून कडक असून ते सामान्यतः आधी संमती मागतात. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय विदासंरक्षण नियमांनंतर आधीच खूण केलेली संमतीची चौकट ग्राह्य नाही, असे तेथील न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले.

भारतात अनाहूत व्यापारी ई-मेलपुरता स्वतंत्र कायदा नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे नियम फोन व लघुसंदेशांपुरते आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियमात मात्र संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि निःसंदिग्ध असावी, तसेच ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणे सोपे असावे, अशी तरतूद आहे. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय द्यावा लागतो. त्यामुळे मराठीचाही त्यात समावेश होतो.

कायद्याइतकाच परिणाम ई-मेल सेवांच्या नियमांचा होतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला ५००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना प्रेषकाची तांत्रिक ओळख पटवणे आणि एका टिचकीत यादीतून बाहेर पडण्याची सोय देणे बंधनकारक केले. स्पॅम म्हणून नोंदवल्या जाणाऱ्या पत्रांचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावे लागते, म्हणजे हजारात तीन तक्रारीही चालत नाहीत. ज्याने स्वतः पत्ता दिला तो सहसा तक्रार करत नाही.

== मर्यादा आणि टीका ==

ही पद्धत संथ आणि श्रमाची आहे. लेख यजमानाच्या संकेतस्थळावर राहतो. तो बदलण्याचा, काढून टाकण्याचा किंवा दुवा गाळण्याचा अधिकार यजमानाकडे असतो. यशाचे मोजमापही पूर्वीइतके सरळ नाही. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये आलेल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे पत्र कोणी उघडले याचे आकडे विश्वासार्ह राहिलेले नाहीत, म्हणून उत्तरे, टिचक्या आणि प्रत्यक्ष खरेदी यांकडे पाहावे लागते.

पैसे घेऊन छापलेला लेख अतिथी लेख म्हणून सादर करणे हा या क्षेत्रातील सर्वात गंभीर दोष होय. अशा वेळी वाचक जाहिरातीला संपादकीय मत समजतो. मुंबईस्थित ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या स्वयंनियामक संस्थेने २०२१ मध्ये डिजिटल माध्यमांतील प्रभावकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी करून मोबदला घेतलेल्या मजकुरावर तशी स्पष्ट नोंद असावी असे सांगितले.

== मराठीतील स्थिती ==

मराठी वृत्तपत्रांत पाहुण्या लेखकाच्या लेखाखाली त्याचा ई-मेल पत्ता छापण्याची पद्धत रूढ आहे. डॉक्टर, वकील, करसल्लागार, गुंतवणूक सल्लागार यांच्या सदरांना त्यामुळे वाचकांची पत्रे येतात. तथापि शंका विचारण्यासाठी लिहिणाऱ्याने नियमित पत्रे मिळण्यास संमती दिली असे होत नाही. त्याचा पत्ता परस्पर यादीत घालणे हा संमतीचा भंगच आहे.

महाराष्ट्रातील अनेक लहान व्यवसाय ग्राहकांशी ई-मेलपेक्षा व्हॉट्सॲपवर अधिक बोलतात. तेथील प्रसारण यादीत २५६ पर्यंत संपर्क घालता येतात आणि ज्यांनी व्यावसायिकाचा क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. त्यामुळे अतिथी लेखाच्या परिचयात ई-मेलऐवजी फोन क्रमांक देणाऱ्यालाही आधी वाचकाने तो जतन करावा इतका विश्वास मिळवावा लागतो.