तबीथेचा धागा आणि पेटीतला कुबट वास



मननासाठी शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२ आणि लेवीय १४:३३-५३.

यापो नगरातील तबीथा मरण पावली, तेव्हा पेत्राला माडीवर नेण्यात आले. तेथे विधवा रडत उभ्या होत्या. तबीथेने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे त्यांनी पेत्राला दाखवली. तबीथेचे एकही वाक्य पवित्र शास्त्रात नोंदलेले नाही. तिने शिवलेले कपडे हीच तिची साक्ष.

हैदराबाद-सिकंदराबादच्या आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत अशी एक मुकी साक्ष अजून सापडते : लाकडी टोपाचे जुने हातमशीन. आजीने त्यावर झबली शिवली, शेजारणींचे ब्लाउज शिवले, मुलांची फी भरली. पावसाळ्यात कोणी टोप उघडतो, कुबट वासाचा भपकारा येतो, आणि निर्णय होतो : देऊन टाका भंगारात. मग ती पेटी जुमेरात बाजारात कुणाच्या तरी चादरीवर जाऊन बसते. म्हणून तिचा इतिहास आणि तिचा वास, दोन्हींविषयी लिहावेसे वाटले.

आयझॅक सिंगर यांना अमेरिकेत १८५१ मध्ये पेटंट मिळाले. शिवणयंत्राची कल्पना एकट्या त्यांची नव्हती. एलियास हाउ यांचे पेटंट १८४६ चे. पण सिंगर कंपनीने हप्त्यांवर मशीन देण्याची पद्धत रूढ केली आणि यंत्र गरिबाच्या उंबरठ्यापर्यंत आले. पुढे स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे कंपनीचा प्रचंड कारखाना उभा राहिला. हिंदुस्थानात नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी एजंटाने सिंगरचा व्यापार वाढवला. १९३० च्या दशकात कोलकात्यात जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ आणली. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ मध्ये शिवणयंत्राला अपवाद मानले होते, कारण त्यामागे त्यांना पत्नीचे कष्ट हलके करण्याचे प्रेम दिसले.

आपल्या मंडळ्यांच्या इतिहासात सुईदोऱ्याला मोठे स्थान आहे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातल्या निराधार मुलींना केडगावला आसरा दिला. तेथे प्रार्थनेबरोबर शिवण, विणकाम, छपाई असे हातचे काम शिकवले जाई. निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ, रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली होती. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि हैदराबाद एकाच राज्यात होते. नोकरीनिमित्त राजधानीत येणाऱ्या मराठी कुटुंबांना हे शहर परके नव्हते. घरात मशीन असलेल्या बाईला नवरा गेल्यावरही कुणापुढे हात पसरावा लागत नसे. तबीथेच्या विधवा कपडे घेऊन उभ्या होत्या. आपल्या विधवांपैकी कितीतरी जणी स्वतःच मशीनवर बसल्या.

आता त्या वासाकडे वळू. जुना गोल टोप लाकडाचे पातळ थर वाफेवर वाकवून, सरसाने चिकटवून केलेला असतो. त्यावर बहुधा चपड्याचे पॉलिश असते. चपडा म्हणजे शुद्ध केलेली लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांपासून ती मिळते आणि छोटा नागपूरचा प्रदेश तिच्यासाठी जगप्रसिद्ध आहे. परदेशातून आलेल्या टोपावरची चकाकी अनेकदा आपल्याच रानातली होती. टोपाला बाहेरून पॉलिश असले तरी आतले लाकूड बरेचदा कोरेच असते. तेथे ओल मुरते, बुरशी धरते, आणि बुरशीतून निघणारा वायू म्हणजेच तो कुबट वास.

लेवीयच्या चौदाव्या अध्यायात घराला लागलेल्या चट्ट्याविषयी सविस्तर नियम आहेत. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस खळगे दिसले की याजकाला कळवायचे. त्याने पाहण्याआधी घर रिकामे करायचे, म्हणजे सारेच सामान अशुद्ध ठरू नये. मग घर सात दिवस बंद. चट्टा पसरला असेल तर तेवढे दगड काढायचे, आतून खरवडायचे, नवा गिलावा करायचा, आणि पुन्हा पाहायचे. यानंतरही चट्टा परतला तरच घर पाडायचे. देवाच्या नियमात पाडणे सर्वांत शेवटी येते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पेटीलाही हाच क्रम लागू पडतो. प्रथम ती रिकामी करावी : मशीन उचलून बाजूला, खणातल्या बॉबिन, चिंध्या, कागद बाहेर. नाकातोंडाला कापड बांधून, अंगणात किंवा गच्चीवर, मऊ ब्रशने कोरडी बुरशी झाडावी. पाऊस उघडल्यावर पेटी उघडी ठेवून वाऱ्याच्या सावलीत काही दिवस वाळवावी. हैदराबादच्या कडक उन्हात लाकडाचे थर तडकतात. आतल्या कोऱ्या लाकडावर पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये बुडवून घट्ट पिळलेले फडके फिरवावे आणि लगेच कोरडे पुसावे. पाणी ओतू नये, सरस सुटतो. बाहेरच्या पॉलिशला आणि मशीनवरच्या सोनेरी नक्षीला स्पिरिट लावू नये. चपडा त्यात विरघळतो.

मग वाटीत खाण्याचा सोडा किंवा कोळसा ठेवून पेटी सात दिवस बंद करावी. सातव्या दिवशी उघडून वास घ्यावा. उरला असेल तर सोडा बदलून पुन्हा सात दिवस. तरीही लाकूड वास सोडत नसेल, तर पूर्ण वाळल्यावर आतून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे दोन पातळ हात द्यावेत. वास आत कोंडला जातो. तळाची फळी कुजलीच असेल तर तेवढी बदलावी. नंतर पेटी जमिनीपासून उंच, भिंतीपासून दूर ठेवावी आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नये.

काही जण कापराच्या वड्या टाकतात, तर काही अत्तर शिंपडतात. चारमिनारजवळच्या अत्तराला तोड नाही, पण बुरशीवर शिंपडलेले अत्तर चार दिवस टिकते. या शहराने हा धडा मोठ्या दुःखातून घेतला आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसे गेली. विश्वेश्वरय्यांचा सल्ला नुसता गाळ उपसण्याचा नव्हता. पाणी वरच अडवायला हवे होते. त्यातूनच १९२० च्या दशकात उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले. दुखणे जिथून सुरू होते, तिथेच इलाज करावा लागतो.

आपल्या अंतःकरणाचे आणि आपल्या मंडळ्यांचेही असेच आहे. जुना रुसवा, वर्षानुवर्षे बंद ठेवलेले भांडण याला वास येतो. सणाच्या दिवशी गोड बोलून तो झाकता येतो, घालवता येत नाही. प्रभूपुढे आधी पेटी उघडावी लागते, रिकामी करावी लागते, त्याच्या उजेडात ठेवावी लागते. तो लगेच भंगारात काढत नाही. तो खरवडतो, थांबतो, पुन्हा पाहतो.

म्हणून प्रियांनो, घरातली पेटी या पावसाळ्यानंतर उघडा. दुरुस्त झालेले मशीन शोभेला ठेवण्यापेक्षा, शिवण शिकू पाहणाऱ्या एखाद्या बहिणीच्या हाती देता आले तर अधिक चांगले. तबीथेचा धागा तिथून पुढे चालू राहील.

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या आज्या-पणज्यांच्या कष्टाळू हातांबद्दल तुझे आभार. आमच्यात दडलेली ओल तू उघड कर, आम्हांस शुद्ध कर, आणि पुन्हा उपयोगी पडू दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.