तांब्याच्या हिशेबातून जन्मलेला दिवा

एडिसनने विजेच्या दिव्याचा शोध लावला, असे आपण शाळेत शिकतो. तापलेल्या तंतूने उजेड पाडण्याचे प्रयोग त्याच्याआधी अनेकांनी केले होते. इंग्लंडात जोसेफ स्वान त्याच सुमारास त्याच वाटेवर होता. एडिसनचे वेगळेपण दुसरीकडे आहे. एका केंद्रातून हजारो दिव्यांपर्यंत वीज न्यायची, तर तांबे किती लागेल, हा प्रश्न त्याने आधी विचारला.

मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत हा हिशेब मांडण्यात त्याचा गणिती सहकारी फ्रान्सिस अप्टन याचा मोठा वाटा होता. हिशेब असा: दिव्याची शक्ती म्हणजे विद्युतदाब आणि प्रवाह यांचा गुणाकार. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती मात्र प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते. प्रवाह दुप्पट झाला की नासाडी चौपट. ती पूर्वीइतकीच ठेवायची तर तांबेही चौपट. त्या काळचे बहुतेक प्रयोगकर्ते कमी रोधाचे, भरपूर प्रवाह ओढणारे दिवे बनवत होते. त्यांनी शहर उजळायचे तर रस्त्याखाली तांब्याची खाणच पुरावी लागली असती! म्हणून तंतू बारीक आणि शंभर ओहमच्या पुढे रोध असलेला हवा, असे ठरले. तारांचा खर्च आधी मांडला गेला, दिवा त्याच्या मापाने घडला.

४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील केंद्र सुरू झाले. पहिल्या दिवशी दिवे होते सुमारे ४००, दाब ११० व्होल्ट. तारा खांबांवर नव्हत्या. तांब्याच्या कांबी लोखंडी नळ्यांत घालून, भोवती डांबरी मिश्रण ओतून रस्त्याखाली गाडल्या होत्या. वापर मोजायला जस्ताच्या पट्ट्या द्रावणात बुडवून ठेवत आणि ठरावीक काळाने त्यांचे वजन करत. जानेवारी १८८३ मध्ये पहिले बिल गेले ते अ‍ॅन्सोनिया ब्रास अँड कॉपर कंपनीला. पहिले गिऱ्हाईकही तांबेवालेच निघावे, हा योग पाहण्यासारखा आहे.

जमिनीखालची खरी करामत फीडरची होती. झाडाच्या फांद्यांसारखी तारांची मांडणी केली, तर केंद्राजवळचे दिवे प्रखर आणि टोकाचे मिणमिणते राहतात. एडिसनने १८८० मध्येच त्यावर तोडगा काढला होता. केंद्रातून निघणाऱ्या फीडरवर एकही दिवा जोडायचा नाही. त्याने वस्तीतल्या मुख्य तारांच्या जाळ्याला ठिकठिकाणी वीज पुरवायची. फीडरमध्ये दाब घटला तरी कोणाचा दिवा मंदावत नाही आणि ती घट केंद्रातून भरून काढता येते. एडिसनच्या हिशेबाने यामुळे तांबे सुमारे एक-अष्टमांशावर आले.

त्यापुढची पायरी तीन तारांची. दोन डायनामो एकापुढे एक जोडले की बाहेरच्या दोन तारांमध्ये २२० व्होल्ट मिळतात, पण मधल्या सामाईक तारेमुळे प्रत्येक दिव्याला ११०च. दोन्ही बाजूंचा भार सारखा असेल, तर मधल्या तारेतून जवळजवळ काहीच वाहत नाही. तांब्याची बचत ६० टक्क्यांहून अधिक. पेनसिल्व्हेनियातील सनबरी येथे ४ जुलै १८८३ रोजी ही पद्धत सुरू झाली. इंग्लंडात जॉन हॉपकिन्सननेही ती स्वतंत्रपणे शोधली होती.

इतके करूनही एका केंद्राची वीज मैलभराच्या आसपासच परवडे. मार्च १८८६ मध्ये ग्रेट बॅरिंग्टन गावात विल्यम स्टॅन्लीने रोहित्रे वापरून ५०० व्होल्टवर प्रवाह रस्त्याने नेला आणि दुकानांपाशी तो १०० वर उतरवला. रोहित्र केवळ प्रत्यावर्ती प्रवाहावर, म्हणजे एसीवर चालते. एडिसनच्या एकदिश प्रवाहाला, डीसीला, ही सोय नव्हती. त्यातच १८८७ नंतर सेक्रेतां या फ्रेंच उद्योजकाच्या गटाने जगातले तांबे अडवून भाव चढवले. ‘प्रवाहांच्या युद्धा’तील जाहीर प्रयोगांत मारलेल्या प्राण्यांच्या कथा आजही रंगवून सांगितल्या जातात, माझ्या मते तांब्याच्या भावाला त्याहून अधिक जागा मिळायला हवी.

तरीही मॅनहॅटनच्या पोटातले डीसीचे जाळे चिवट निघाले. शेवटची जोडणी तोडली गेली ती १४ नोव्हेंबर २००७ रोजी. जुन्या इमारतींच्या लिफ्टना डीसी लागतच होता. त्यांच्या मालकांनी एसीचे डीसी करणारी यंत्रे आपापल्या इमारतींत बसवून घेतली.