माशाची नक्कल

अस्सल आणि नक्कल या दोन शब्दांवर आपल्याकडील इतिहाससंशोधनाचा बराचसा व्यवहार चालत आलेला आहे. अस्सल कागद हातीं आला म्हणजे संशोधकास धन्यता वाटते, आणि नक्कल हातीं आली म्हणजे त्याचें मन साशंक होतें. तथापि अस्सल कागद वाळवीनें किंवा आगीनें नष्ट झाला आणि एखाद्या दक्ष कारकुनानें केलेली नक्कल तेवढी दप्तरांत उरली, तर तीच साक्षीदार ठरते. अशा वेळीं प्रश्न इतकाच राहतो कीं, ती कशावरून केली, आणि ती नक्कल आहे हें करणारानें स्पष्ट सांगितलें आहे कीं नाहीं. हाच प्रश्न एका अगदीं निराळ्या क्षेत्रांत, म्हणजे गळानें मासे धरणाऱ्या हौशी लोकांच्या व्यवहारांत, गेल्या शंभर वर्षांत कसा उभा राहिला, तें पाहण्यासारखें आहे.

उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्यांत बास नांवाचा मासा असतो. त्याच्या रुंद जबड्याच्या जातीवर तिकडील लोकांचा विशेष लोभ आहे. आपल्याकडील मरळीप्रमाणें तो पाणवनस्पतींच्या आड दबा धरून बसतो व भक्ष्यावर झडप घालतो. आणि गळाला लागल्यावरही सहजासहजीं वश होत नाहीं. दहा पौंडांचा बास मिळणें हा आयुष्यांतील मोठा लाभ समजतात. आपल्याकडील संस्थानिकांच्या दिवाणखान्यांत जसें वाघाचें मुंडकें, तसा तिकडील घरांत भिंतीवर हा मासा, अशी जुनी चाल आहे.

ता. २ जून १९३२ रोजीं अमेरिकेच्या जॉर्जिया संस्थानांतील माँटगॉमेरी सरोवरांत जॉर्ज पेरी नांवाच्या एका गरीब तरुण शेतकऱ्यास २२ पौंड ४ औंस वजनाचा बास मिळाला. हेलेना गांवीं तो तोलण्यांत आला; लांबी ३२½ इंच व घेर २८½ इंच अशी नोंद झाली; आणि 'फील्ड अँड स्ट्रीम' मासिकाच्या स्पर्धेंत ७५ डॉलरांचा माल पेरीस बक्षीस मिळाला. मासा मात्र घरीं नेऊन कुटुंबानें खाल्ला. तो काळ मोठ्या मंदीचा होता. घरांत खाणारीं तोंडें असतां माशांत भुसा भरून तो भिंतीस कां लाविला नाहीं, असें पेरीस विचारणें म्हणजे भरल्या पोटाचा अविचार होय. पण याचा परिणाम असा झाला कीं, जगांतील या जातीच्या सर्वांत मोठ्या माशाचें ना कातडें उरलें, ना ठसा. पुढें छायाचित्र म्हणून जें पुढें आलें, त्यावरही वाद माजला. पेरी १९७४ सालीं विमानाच्या अपघातांत वारला. संशय घेणारे मात्र वारले नाहींत.

याच्या नेमक्या उलट उदाहरण दहा वर्षें आधींचें, स्कॉटलंडमधील आहे. ता. ७ ऑक्टोबर १९२२ रोजीं जॉर्जिना बॅलंटाइन या तरुणीनें टे नदींत ६४ पौंडांचा सामन धरला. गळानें धरलेल्या सामनांत हा ब्रिटनमधील विक्रम आजही अबाधित आहे. तो मासाही खाण्यांतच गेला. पर्थ येथील रुग्णालयांतील मंडळींस तो देण्यांत आला. परंतु त्यापूर्वीं त्याचा ठसा घेतलेला होता, आणि त्यावरून केलेली प्रतिकृति पर्थच्या वस्तुसंग्रहालयांत आहे. म्हणजे आजाऱ्यांच्या मुखीं घांस गेला आणि इतिहासाच्या पदरीं पुरावाही पडला. खाणें आणि जपणें या दोहोंत मुळांत विरोध नव्हता. पेरीच्या घरीं ठसा घेणारा कोणी नव्हता, इतकेंच.

यावर कोणी म्हणेल कीं, ठसा तो ठसाच. खऱ्या कातड्याची सर त्याला कोठून येणार? हा आक्षेप दिसतो तितका बळकट नाहीं. जुन्या पद्धतींत माशाचें कातडें सोलून, औषधें चोळून, तें आंतील आकृतीवर ताणून बसवीत. परंतु मासा पाण्याबाहेर येऊन मेला कीं त्याचा रंग लागलीच उतरूं लागतो. कातडें वाळल्यावर तर तो राहतच नाहीं. म्हणून कारागीर त्यावर नवा रंग चढवितो. डोळा कांचेचा असतो. डोक्याचा मांसल भाग आटतो, तो लांबीनें भरून काढावा लागतो. पर ठिसूळ होऊन फाटतात. आणि कांहीं वर्षांनीं कातड्यांतील तेल झिरपून रंग बिघडतो. तेव्हां ज्यास आपण अस्सल म्हणतों, तें अर्धेंअधिक कारागिराचेंच काम असतें.

नवी पद्धत हें सर्व उघडपणें मान्य करते. कारागिरापाशीं निरनिराळ्या मापांच्या खऱ्या माशांवरून घेतलेले सांचे असतात. धरणारानें माशाची लांबी व घेर मोजावा, छायाचित्रें घ्यावीं आणि मासा पुन्हा पाण्यांत सोडावा. कारागीर मापास जुळणारा सांचा काढतो, त्यांत फायबरग्लासचे थर कृत्रिम राळेनें बसवितो, दोन्ही बाजू जोडतो, आणि छायाचित्र समोर ठेवून कुशीवरील काळसर पट्टा व पोटाचा पांढरेपणा बारीक फवाऱ्यानें उतरवितो. देह दुसऱ्याच माशाचा, माप मात्र याचें. अर्थात् येथें सारा भार मोजपट्टी धरणाऱ्या हातावर येतो. तो हात दोन इंच उदार झाला तर भिंतीवरचा मासाही दोन इंच वाढतो, आणि त्याला खोडून काढणारें हाड कोठेंच उरत नाहीं.

असें असतांही या नक्कलेनें एक मोठें काम केलें आहे. रे स्कॉट यानें १९६८ सालीं बास धरणारांची एक संस्था स्थापिली, आणि १९७२ पासून तिच्या स्पर्धांतील मासे जिवंत सोडण्याचा प्रघात पाडला. या जातींत थोराड मासा बहुधा मादीच असते. ती मारणें म्हणजे बियाणेंच दळून खाणें होय. पुढें १९८६ सालीं टेक्सस संस्थानाच्या मत्स्यखात्यानें १३ पौंड व त्याहून मोठे बास पैदाशीसाठीं मागून घेण्याची योजना आरंभिली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत फोर्क सरोवरांत १७.६७ पौंडांची मादी मिळाली. तिला एथेल असें नांव पडलें. ती सरोवरांत परतली नाहीं. पण मिसूरींतील स्प्रिंगफील्ड येथें कांचेच्या हौदांत १९९४ पर्यंत जगली, आणि असंख्य लोकांनीं तिला पोहतांना पाहिलें. या योजनेंत पैदाशीसाठीं मासा देणारास त्याची प्रतिकृति भेट मिळूं लागली. कीर्तीसाठीं वध अवश्य नाहीं, हें नीतिपाठांपेक्षां या रंगीत फायबरग्लासनें अधिक लोकांस पटविलें असावें.

पेरीच्या विक्रमाची बरोबरी ता. २ जुलै २००९ रोजीं जपानांतील बिवा सरोवरावर मानाबु कुरिता यानें केली. त्याचा मासा एका औंसाहूनही कमी फरकानें मोठा भरला. परंतु या वजनाच्या माशास दोन औंसांचें आधिक्य लागतें, असा नियम असल्यामुळें २०१० च्या जानेवारींत दोघांचा विक्रम समान ठरला. मासा समोर असतांही कुरितास असत्य ओळखणाऱ्या यंत्रापुढें बसावें लागलें! म्हणजे अस्सल देह हाही स्वयंसिद्ध पुरावा नव्हे. शेवटीं विचारणा होते ती माणसाच्या सत्यनिष्ठेचीच.

पानिपतावर पडलेल्या भाऊसाहेबांच्या नांवानें जो तोतया उभा राहिला, त्यास १७७६ सालीं देहान्त शिक्षा झाली. तो भाऊसाहेबांसारखा दिसत होता, हा त्याचा अपराध नव्हे. तो स्वतःस भाऊसाहेब म्हणवीत होता, हा अपराध. नक्कल आणि तोतया यांतील भेद तो हाच. भिंतीवरील माशाखालीं एक लहानशी पाटी असावी. तीवर दिवस, सरोवर, लांबी व घेर यांचे खरे आंकडे असावेत, आणि ही प्रतिकृति असून मूळ मासा पाण्यांत सोडला, एवढें एक वाक्य असावें. अशी नक्कल दप्तरांत ठेवण्यास कोणत्याही संशोधकाची हरकत असूं नये.