कंपवात : एका नावाचा आणि एका प्रश्नाचा इतिहास

आम्हां दोघांना एम.ए.च्या वर्गात भाषाविज्ञान शिकवणारे सर निवृत्तीनंतर सदाशिव पेठेतून नियमाने पोस्टकार्डे लिहीत. टपोरे, वळणदार अक्षर. पुढे पुढे ओळीच्या आरंभी ठीक असलेले अक्षर शेवटाकडे बारीक होत जाऊ लागले. कार्डावर जागा पुरत नसेल, असे म्हणून आम्ही ते वाचत राहिलो. विद्यार्थ्यांना पाठभेद तपासायला शिकवणाऱ्या आम्हांला या हस्ताक्षराचा अर्थ मात्र लागला नाही. दोन वर्षांनी निदान झाले : कंपवात. घरातल्यांचा पहिला उद्गार होता, "पण यांचा हात कुठे कापतो?" दुसरा प्रश्न सरांच्या मुलीने हळूच विचारला, "हे टाळता आले असते का?"

पहिल्या उद्गाराचे मूळ नावातच आहे. चरकसंहितेतील वातविकारांच्या यादीत 'वेपथु' येतो; वेपथु म्हणजे थरथर. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या विकारावर छोटासा निबंध प्रसिद्ध केला, त्याच्याही शीर्षकात कंपच होता. त्यांच्यापुढे रुग्ण होते अवघे सहा, आणि त्यांपैकी काही तर त्यांनी रस्त्यातच पाहिलेले! पुढे पॅरिसच्या शार्को यांनी दाखवून दिले की कंप नसलेलेही रुग्ण असतात, आणि हालचालींचे मंदावणे हे स्वतंत्र लक्षण आहे. रुग्णांच्या लिखाणाचे नमुनेही ते तपासत. म्हणूनच त्यांनी कंपाचे नाव बाजूला सारून पार्किन्सन यांचे नाव या विकाराला दिले. मराठीत मात्र 'कंपवात' टिकला. शब्द सुबोध आहे, याबद्दल वाद नाही; पण तो माणसाला हात कापू लागण्याची वाट पाहायला लावतो. वास न येणे, जुनाट बद्धकोष्ठता, झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणे ही लक्षणे पुष्कळ रुग्णांत कंपाच्या कित्येक वर्षे आधी दिसतात. ती दिसली म्हणजे हा विकार होणारच, असे अर्थातच नव्हे.

मेंदूतील 'कृष्णद्रव्य' नावाच्या भागातील पेशी या विकारात नष्ट होतात, हे १९१९ साली त्रेत्याकॉफ यांनी दाखवले. तेथे तयार होणारे डोपामिन रुग्णांच्या मेंदूत फार कमी असते, हे १९६० साली व्हिएन्नात सिद्ध झाले. मग डोपामिनचा पूर्वद्रव्यरूप लेव्होडोपा औषध म्हणून आला. गंमत अशी की हे द्रव्य आपल्या रानातील खाजकुहिलीच्या बियांत विपुल असते, आणि तेथून ते १९३७ सालीच मद्रासमध्ये वेगळे केले गेले होते. त्यावरून 'आपल्याकडे सगळे आधीच होते' असे म्हणण्याचा मोह पुणेकरांना विशेष होतो. प्राचीन ग्रंथांत ही कपिकच्छू प्रामुख्याने बल्य व वाजीकर म्हणून येते, एवढे ध्यानात ठेवलेले बरे. शिवाय लेव्होडोपा लक्षणे हलकी करतो, पेशींचा नाश थांबवीत नाही. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नाही.

त्या उत्तरासाठी महाराष्ट्रातच झालेल्या एका पाहणीकडे वळावे लागते. मुंबईच्या पारशी वसाहतींत डॉ. नादिर भरुचा व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन १४,०१० माणसांची पाहणी केली. ती १९८८ साली प्रसिद्ध झाली. ४६ जणांना हा विकार आढळला, म्हणजे लाखामागे सुमारे ३२८. आकडा मोठा वाटतो, पण पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण अधिक. वयाचा फरक हिशेबात धरताच तो बराच खाली येतो. वय हाच सर्वांत मोठा धोका, आणि तो टाळण्याचा उपाय कोणाकडेच नाही! पुरुषांत हा विकार स्त्रियांपेक्षा अधिक आढळतो. घराण्यात असल्यास शक्यता काहीशी वाढते. तथापि बहुसंख्य रुग्णांच्या घरात दुसरा रुग्ण नसतो.

बाहेरचे विषही कारण ठरू शकते, हे १९८२ साली कॅलिफोर्नियात अकस्मात कळले. भेसळीचे मादक द्रव्य टोचून घेतलेले काही तरुण एकाएकी थिजल्यासारखे झाले. त्या भेसळीतून शरीरात तयार होणारे रसायन 'पॅराक्वाट' या तणनाशकाशी रचनेत मिळतेजुळते निघाले, आणि संशोधकांची नजर शेतांकडे वळली. पुढे फ्रान्सने २०१२ साली कीटकनाशके हाताळणाऱ्या शेतकऱ्यांच्या बाबतीत हा व्यावसायिक आजार मानला. आपल्याकडे पाठीवर पंप घेऊन, तोंडाला नुसता रुमाल बांधून फवारणी करणारा मनुष्य या चर्चेत क्वचितच येतो. पेठांतील व्याख्यानांत तर नाहीच.

मग करायचे काय? खात्रीचा प्रतिबंध आजही नाही. नियमित, दम लागेल असा व्यायाम करणाऱ्यांत हा विकार कमी आढळतो, आणि झाल्यावरही व्यायामाने हालचाल सुधारते. डोक्याला मार लागणे हाही धोका मानला जातो. हेल्मेटला नाक मुरडणाऱ्या आपल्या शहराने एवढे तरी ऐकावे. कॉफी पिणाऱ्यांत प्रमाण कमी दिसते. तंबाखू ओढणाऱ्यांतही दिसते, पण त्यासाठी कोणी विडी पेटवू नये.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना व घरच्यांना एकत्र आणते. हृषीकेश पवार यांनी रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले आहेत. सरांची मुलगी आता रोज पहाटे पर्वती चढते. सर अजून लिहितात. पोस्टकार्ड सोडून आखलेल्या वहीवर, दोन ओळींमधली जागा भरून काढीत.